ज्याचं गाणं त्याच्या तोंडी

सलगमाच्या शेतात उभ्या उभ्या डोळा लागू शकतो, हे इझबेलला वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तर तिला खोटं वाटलं असतं. पण लागला. डाव्या हातात गोठून दगड झालेला सलगम, उजव्या हातात पाला छाटायचा कोयता, आणि बाई आपली बुजगावण्यासारखी वाऱ्यात झुलतेय. बाकीच्या बायका ओळीत कधीच पुढं सरकल्या होत्या.

"इझबेल! अगं ए इझबेल!" शेजारची पेग ओरडली. "झोपायचंच असेल तर आडवी तरी हो. उभ्यानं घोडी झोपतात."

बायका हसल्या. इझबेलही हसली. हसताना थंडीनं फुटलेला ओठ चरचरला. आणि तेवढ्यात तिला दगडी गडग्यापलीकडे मालकांची घोडी दिसली. ब्रूइस मालक घोडीवर बसून शेताकडे बघत होते. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. बोलले काहीच नाहीत. लगाम वळवला आणि निघून गेले.

"पाहिलं वाटतं त्यांनी," पेग म्हणाली. आता तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

मालक बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. चेव्हिअट डोंगरांच्या पायथ्याच्या त्या खोऱ्यात मालकाच्या शिवीला कुणी भीत नसे. भीत असत ते त्याच्या गप्प बसण्याला. सालगड्याचं साल मे महिन्यात संपायचं. त्याआधी, मार्चात गड्यांचा बाजार भरायच्या आत, मालक एकेका गड्याला गाठून विचारायचा, "काय, राहणार ना यंदा?" एवढंच. तो शब्द मिळाला की घर राहिलं, चूल राहिली, परसातले बटाटे आपले राहिले. नाही मिळाला तर भांडायचं नाही, कारण विचारायचं नाही. काम हवंय याची खूण म्हणून टोपीत पेंढ्याची काडी खोवून बाजारात उभं राहायचं आणि मे उजाडला की गाडीत बिऱ्हाड भरायचं.

कोल्डरिगच्या मळ्यावर गड्यांच्या घरांची एक ओळ होती; तिच्यातल्या बाकी सगळ्या घरांना शब्द मिळाला होता. इझबेलच्या नवऱ्याला, मायल्सला, तेवढा मिळाला नव्हता. आणि बाजार तोंडावर आला होता.

मायल्सच्या नांगरटीत बोट ठेवायला जागा नव्हती. खोट होती ती बाईमाणसाची. सालगडी व्हायचं म्हणजे घरातली एक कामाची बाई मालकाच्या शेतात द्यायची, ही तिथली रीतच. आधी मायल्सची बहीण होती, ती लग्न करून गेली. मग उरली इझबेल, अंगावर पिणारी पोर टिबी घेऊन. दुपार झाली की शेतात तिला पान्हा फुटायचा, पोलक्याला ओल यायची, ती ओल वाऱ्यानं गार पडायची आणि हातातला कोयता मंदावत जायचा. रात्री टिबी रडायची. सकाळी इझबेल ओळीत उभी राहायची ती अर्धी झोपेतच.

बिऱ्हाड हलवायला तशी तिची ना नव्हती. लहानपणापासून तेच केलं होतं. पण सासूचं काय? गेल्या खेपेला पावसात उघड्या गाडीतून आणलेल्या मार्जरीची छाती जी धरली, ती अजून सुटली नव्हती. यंदा पुन्हा तिला गाडीत बसवलं तर उतरवायची कशी, हा विचार इझबेल करत नसे. मायल्सही करत नसे. आणि दोघंही तो करत नाहीत, हे दोघांना पक्कं माहीत होतं.

घरी आली तेव्हा टिबीचा टाहो वाटेवरच ऐकू आला. चुलीजवळ पाळणा, पाळण्याजवळ मार्जरी, आणि पाळणा हलवणारा तिचा पाय थांबत थांबत चाललेला.

"दुपारपासून असंच," मार्जरी म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, हवा सोडली नुसती. फेब्रुवारीच्या थंडीनं तिचा आवाज बसला होता तो बसलाच.

इझबेलनं ओल्या बुटांसकट बसून पोरीला पाजलं. टिबी प्यायली, ढेकर दिला, आणि पुन्हा सुरू झाली. भूक नव्हतीच ती. तिला हवी होती टिटवी.

टिटवी म्हणजे मार्जरीचं गाणं. कधीच्या काळी कुणीतरी बांधलेलं, लांबलचक, कोल्डरिगपासून पार समुद्रापर्यंत माहीत असलेलं. दर सुगीच्या जेवणाला म्हातारीला टेबलावर उभी करून लोक ते म्हणून घ्यायचे. एक बाई खिडकीत बसलीय, तिचा माणूस पाण्यापलीकडे गेलाय, आणि तिनं टिटवीला त्याचा निरोप आणायला धाडलंय. टिटवी परत आलीय. पण निरोप काही सांगत नाही.

टिटवे गं टिटवे, कुठून आलीस?
पाण्यावरून बाई, पाण्यावरून.
माझ्या माणसाचा निरोप सांग.
बसू दे आधी, मग सांगते.

बसलीस बाई, आता तरी सांग.
पंख झाडू दे, मग सांगते.

मग टिटवीला तहान लागते. मग पायातला काटा काढायचा असतो. मग उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पडदा ओढायला सांगते. कसली म्हणून घाई नाही त्या पाखराला. मार्जरीच्या जाड, खालच्या आवाजात ही टंगळमंगळ सुरू झाली की टिबीच्या मुठी उघडायच्या, पापण्या जड व्हायच्या. बहुतेक पंख झाडायच्या कडव्यालाच. आणि तिच्याबरोबर इझबेललाही झोप लागायची. टिटवीनं शेवटी काय सांगितलं ते इझबेलनं कधी ऐकलंच नव्हतं. लग्न करून ती या घरात आली त्याला एकच सुगी झाली होती, आणि त्या सुगीच्या जेवणाला ती बाळंतीण होऊन पडली होती.

"आई, मला द्या ते गाणं," ती म्हणाली.

"कसलं?"

"कसलं काय! टिटवीचं. माझ्या माहेरची सगळी म्हणून झाली. मेंढरांचं म्हटलं, नावाड्याचं म्हटलं. देवाची गाणी म्हटली. देवाच्या गाण्याला तर जास्तच रडते."

"शहाणी आहे," मार्जरी म्हणाली आणि खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "माझा आवाज येईल परत. ऊन पडू दे जरा."

"ऊन पडेपर्यंत मी मरेन."

"मर की. तुझ्यामागं कुणी घ्यावं असं तुझं कुठलं गाणं आहे?" मग जरा नरमून, "पोरी, मी गेले की टिटवी तुझीच. दुसऱ्या कुणाला देणार आहे? पण मी गेल्यावर. माझ्या आईची मला मिळाली ती तिच्यावर माती पडल्यावर. तू गाणं मागतेस म्हणजे माझी माती मागतेस."

रीत इझबेललाही माहीत होती. ज्याचं गाणं त्याच्या तोंडी. गाणारा जिवंत असताना त्याचं गाणं दुसऱ्यानं म्हणायचं नाही, सुनेनं नाही, पोटच्या पोरानंही नाही. वरच्या कुरणातला मेंढपाळ गेला तेव्हा त्याच्या मुलानं दारात उभं राहून बापाचं गाणं म्हटलं होतं. ते वाऱ्यानं खाली आलं आणि गावाला कळलं, म्हातारा गेला. निरोप्या धाडावा लागला नाही.

"मग काय करू?" इझबेल म्हणाली.

"हलव," मार्जरी म्हणाली आणि पाळण्यावरचा पाय काढून घेतला.

बाजाराच्या आदल्या आठवड्यात दुपारीच आभाळ फाटलं. पाऊस नाही, बर्फ नाही, दोन्हींची गिचगिच. मुकादमानं बायकांना शेतातून काढून कोठारात बटाटे निवडायला बसवलं. इझबेलला म्हणाला, "तू घरी जा. तुला इथं बसवली तर बटाट्यांवर घोरशील." बायका हसल्या. इझबेलला हसू आलं नाही. मुकादमानं हसत हसत घरी धाडलेल्या बाईचं पुढं काय होतं, ते तिनं पाहिलं होतं.

घरात मार्जरी तिच्या कपाटासारख्या पलंगात सरकतं दार ओढून झोपली होती. सकाळपासून खोकून खोकून तिला आत्ता कुठं डोळा लागला होता. आणि टिबी पाळण्यात लाल झाली होती. म्हातारी जागी होऊ नये म्हणून इझबेलनं पोरीला शालीत घट्ट बांधलं आणि बाहेर पडली. ओळीच्या टोकाला डुकरांच्या खोपटाचा आडोसा होता. तिथं येरझाऱ्या घालू लागली. पोरीनं मान टाकून टाकून रडायला सुरुवात केली. इतकी, की मध्येच तिचा श्वास अडकला.

"टिटवे गं टिटवे," इझबेल म्हणाली.

आधी नुसतं पुटपुटली. आजूबाजूला कुणी नव्हतं, डुक्कर तेवढं होतं. पोरीचं रडणं एकदम थबकलं, जणू दारावर ओळखीची थाप पडली. मग इझबेलनं गळा सोडला. मार्जरीसारखाच, खाली, जाड. आपण मोठ्यानं गातोय हे तिला कळलंही नाही. टिटवी आली, बसली, पंख झाडायचं म्हणाली, आणि टिबीचं डोकं इझबेलच्या गळ्याशी जड झालं. इझबेल पालथ्या बादलीवर टेकली. फक्त श्वास घ्यायला टेकली होती.

जाग आली तेव्हा कुणीतरी तिच्या कुशीतून पोरीला अलगद काढून घेत होतं.

"रड गं," पेग म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे सुजले होते. "मोकळी हो. चांगली होती म्हातारी. जिभेची तिखट, पण चांगली."

इझबेलला काही कळलं नाही, पण कुणीतरी रड म्हणालं एवढ्यानंच तिला रडू फुटलं. किती दिवसांचं साठलं होतं ते. पेगनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"कोठारात आमचे हात थांबले," पेग सांगत होती. "मी म्हटलं, ऐका, टिटवी! पण हा मार्जरीचा आवाज नाही. तेव्हाच समजलो. बाकीच्या आत आहेत, मयताच्या घरातलं म्हणून घड्याळ थांबवलंय. पलंगाला कुणी हात लावला नाही, तो मान सुनेचा. मायल्सला बोलावणं गेलंय. मालकांनाही कळवलंय." आणि मग आवाज खाली आणून, "आता तरी ते बोलतील बघ. मयत झालेल्या घराला कोण बाहेर काढतं?"

इझबेलनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं.

घरात बायका भिंतीला धरून उभ्या होत्या. टेबलावर कुणाची तरी बार्लीची भाकरी, कुणाचं चीज. सुतार जोनास शवपेटीचं माप घ्यायची काठी पाठीमागं लपवून दाराशी. इझबेल पलंगापाशी गेली, सर्वांकडे पाठ केली आणि दार चार बोटं सरकवलं.

आतून दोन डोळे टक्क बघत होते.

"कोण कोण आलंय?" मार्जरीनं हवा सोडली.

"सगळ्या," इझबेल कुजबुजली. "पेग, ओळीतल्या बाकीच्या. जोनास."

"काठी घेऊन?"

"हो."

"मेल्यानं माझ्या नवऱ्याची पेटी आखूड केली होती. सांग, मी पाय दुमडून जाणार नाही." मग तिनं सुनेकडे नीट बघितलं. "गायलीस तू."

"हो."

"झोपली?"

"झोपली."

"कुठल्या कडव्याला?"

"पंख झाडायच्या."

म्हातारीनं डोळे मिटले. इझबेलला वाटलं, आता शिव्या देईल. "मालक येतायत," तिनं घाईनं सांगितलं. "पेग म्हणते, आता ते शब्द देतील."

"मग दार लाव," मार्जरी म्हणाली.

मायल्स घोड्यांच्या ठाणातून धावत आला. अंगाला घोड्यांचा वास, हातात अजून खरारा. पलंगाचं दार बंद बघून तो तिथंच थांबला, कारण बायकांनी अंघोळ घालेपर्यंत मुलानं बघायचं नसतं. दाराच्या लाकडावर त्यानं नुसता हात ठेवला. त्याच्या मागोमाग ब्रूइस मालक वाकून आत आले. टोपी काढली. त्यांच्या डोक्यावरून पाणी ओघळत होतं.

"मायल्स," ते म्हणाले, "वेळ बोलायची नाही, पण बोलतो. तुझ्या जागी मी दुसरा माणूस बघून ठेवला होता. दोन थोरल्या पोरी आहेत त्याला, शेतात कामाला येतील अशा. पण ज्या घरात आज मयत झालं त्या घराला मी घालवणार नाही. राहा यंदा."

बायकांच्यात एक सुस्कारा फिरला. पेगनं इझबेलला कोपरानं ढोसलं. झालं होतं. मिळाला होता शब्द, भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत.

मायल्सनं मान हलवली. "तिला गाडीत कसं बसवायचं, याचंच..." तो म्हणाला. खरारा धरलेला हात त्यानं तोंडावर घेतला आणि त्याचे खांदे गदगदायला लागले.

खोटं रेटायलाही अंगात जोर लागतो. इझबेलच्या अंगात तो उरला नव्हता.

"त्या गेल्या नाहीत," ती म्हणाली.

कुणाला ऐकूच आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. "आई गेल्या नाहीत. झोपल्या होत्या. मी गायले. पोरगी झोपत नव्हती म्हणून."

पेगचा तिच्या खांद्यावरचा हात निघाला. "जिवंत बाईचं?" पेग म्हणाली. "जिवंत बाईचं गाणं घेतलंस तू?"

मेलेल्या मार्जरीसाठी एवढी शांतता कुणी पाळली नव्हती. मालकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मायल्स वळून बायकोकडे बघत होता. त्याला हसायचं होतं की ओरडायचं होतं, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात पलंगाचं दार सरकलं. झोपायची टोपी वाकडी झालेली, केस पिंजारलेले, अशी मार्जरी उठून बसली. एक बाई किंचाळली.

"मी दिलंय तिला," मार्जरी म्हणाली. आवाज इतका बारीक, की सगळ्यांना पुढं वाकावं लागलं.

"पण तुम्ही तर जिवंत आहात," पेग म्हणाली.

"डोळे शाबूत आहेत वाटतं तुझे. जिवंत आहे. पण गाण्यापुरती मेले असं समजा. तुम्ही रडलात, घड्याळ थांबवलंत, जोनासनं काठी आणली. एवढं सगळं फुकट का घालवायचं? आजपासून टिटवी हिची. माझ्या तोंडून पुन्हा कुणी ऐकली तर थुंका माझ्या तोंडावर." ती दम खायला थांबली. मग मालकांकडे वळली. "मालक, मेलेल्या बाईच्या घराला शब्द दिलात ना? मग ही मेलेली बाई, आणि हे तिचं घर."

जोनास आधी हसला. मग त्याला आवरेना. मग बायकांनी तोंडावर हात घेतले. मालक हसले नाहीत. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. सगळ्यांना वाटलं, आता शब्द फिरवतात. फिरवला असता तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

"दिला तो दिला," ते शेवटी म्हणाले. टोपी घातली. दारात थांबून इझबेलकडे बघितलं. "पण ओळीत उभ्यानं झोपलेली बाई मला पुन्हा दिसता कामा नये."

"नाही दिसणार, मालक," इझबेल म्हणाली. आपण कशाच्या जिवावर हे म्हणतोय, हे तिला कळत नव्हतं.

सगळे गेल्यावर मार्जरीनं स्वतःच्या मयताची भाकरी चवीनं खाल्ली. "पेगची. मीठ कमी," म्हणाली. मग तिनं सुनेला जवळ बसवलं आणि राहिलेली कडवी एकदाच सांगितली, गाऊन नाही, बोलून. टिटवी पाण्यापलीकडे गेलेलीच नसते. वाऱ्यानं तिला किनाऱ्यावरूनच परत फिरवलेलं असतं, आणि हे सांगायचा धीर होत नाही म्हणून ती काटा काढत बसते, पाणी मागते, पडदा ओढायला लावते. "आणि बाई?" इझबेलनं विचारलं. "बाईला पहिल्यापासून माहीत असतं," मार्जरी म्हणाली. "म्हणून तर ती पाणी देते."

पुढचे दिवस कसे गेले ते इझबेलला नीट आठवत नाही. पेग काही दिवस फुरंगटून होती. मग एका सकाळी आपणहून तिच्या शेजारच्या ओळीत येऊन उभी राहिली आणि इझबेलची मान जरा कलली की कोयत्याच्या दांड्यानं ढोसू लागली. "अगं घोडे, जागी राहा," म्हणायची. मालक गडग्यापलीकडून जायचे, तेव्हा त्यांना सगळ्या बायका जाग्या दिसायच्या.

एप्रिलात ऊन पडलं आणि मार्जरीचा आवाज परत आला, होता तसाच, जाड, खालचा. ती कोंबड्यांवर ओरडायची ते दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. इझबेलनं मनात धरलं होतं, आता रात्रीची एखादी खेप तरी सुटेल. मायल्सनं एकदा म्हणूनही पाहिलं, "आई, आज तू म्हण ना जरा. ही बघ कशी झालीय."

"मेलेली बाई गाते का कधी?" मार्जरी म्हणाली आणि कूस बदलली. तिचं तोंड भिंतीकडे होतं. ती झोपली नव्हती हे इझबेलला श्वासावरून कळत होतं. इझबेल उठली, पोरीला घेतलं आणि चुलीपुढं फेऱ्या घालू लागली. घर वाचलं होतं आणि झोप गेली होती. पण कुणाशी भांडणार?

मे महिन्यात बिऱ्हाडं हलायचा दिवस आला. सकाळपासून रस्त्यानं गाड्या जात होत्या. उलटे टांगलेले पलंग, खुराड्यातल्या कोंबड्या, मांडीवर घड्याळ घेऊन बसलेल्या बायका. एका गाडीवर खुर्ची दोरानं बांधली होती आणि खुर्चीत कुणाची तरी म्हातारी, घोंगडीत गुंडाळलेली. मार्जरी दारात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं त्या म्हातारीकडे बघितलं, तिनं हिच्याकडे. हात कुणीच हलवला नाही. गाडी उताराला लागली.

मागच्या गाडीचा कुत्रा भुंकला आणि आत पाळण्यात टिबी दचकून उठली. मार्जरीनं सवयीनं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं आणि दाण्यांची मूठ कोंबड्यांपुढं रिकामी केली.

इझबेल नुकती कुठं पायरीवर टेकली होती. गुडघ्यांवर हात रेटून ती उठली आणि आत गेली.